पन्नास पावलांवर दुकान असताना आई ऑनलाइन का मागवते?

खिडकीपाशी (धागाकर्ती)

आमचं घर मंगळवेढ्यात, बाजारपेठेला लागूनच. दारातून बाहेर पडलं की पन्नास पावलांवर कापडाचं दुकान, शेजारी भांड्यांचं, समोर वाणी. आई तिथे एकटीच असते. झेडपीच्या शाळेतून निवृत्त, बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. मी पुण्यात.

मागच्या शनिवारी गेले तर कपाटावर आठ-दहा खोकी चपटी करून सुतळीने बांधून ठेवलेली. म्हटलं हे काय, तर म्हणे, "मी मागवते ना अधूनमधून." ही बाई कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तीन गाड्या फिरते हो! यादी काढली: दोन साड्या, पुरणयंत्र, गुडघ्याचा पट्टा आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. दोरी! समोर वजनावर मिळते ती.

"स्वस्त पडतं का?" नाही. पुरणयंत्र बाजारात तीस रुपयांनी कमीच होतं आणि तिला ते माहीत होतं. "मग कशाला?" "असंच," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी स्वतः ऑनलाइन घेते ते दोनच कारणांनी, भाव आणि आळस. पुण्यात पार्किंग शोधण्यापेक्षा ते बरं. पण तालुक्याच्या गावात, जिथे दुकानदार नावाने ओळखतो आणि हाताशी वेळच वेळ आहे, तिथे माणसं कशासाठी मागवतात? तुमच्या गावी, घरी काय अनुभव?

---

सुपारीफोड

खोक्यांसाठी. आमच्या मातोश्रींना खोकं चांगलं मिळालं की आतली वस्तू परत केली तरी चालते. माळ्यावर खोक्यात खोकं, त्यात खोकं. सगळ्यात आतल्यात रबरबँड.

---

नाना_कर्वेनगर

धागाकर्तीचा प्रश्न नवा आहे, पण प्रकार जुनाच. आमच्या लहानपणी मासिकाच्या मागच्या पानावर जाहिराती यायच्या, वस्तू व्हीपीपीने घरी. पोस्टमन आधी पैसे मोजून घ्यायचा, मग पार्सल हातात. आमच्या काकांनी असा ट्रान्झिस्टर मागवला होता. आळीतले सगळे जमले, सुतळी कापली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी वीट. काका पुढची पाच वर्षं ती वीट दाराला अडण म्हणून लावायचे आणि आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हा आमचा ट्रान्झिस्टर."

तेव्हा कॅश ऑन डिलिव्हरी ही काही कोणाच्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही. फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकांपासून सुरुवात केली आणि २०१० मध्ये दारात पैसे घ्यायला लागले, तेव्हा मला तरी व्हीपीपीच आठवली. फरक एवढाच, की आता वीट निघाली तर परत पाठवता येते. काकांच्या वेळी हे असतं तर दाराला अडण नसतं.

---

कधीतरी_पीएचडी

अरे वा, माझा विषय! ग्रामीण आणि निमशहरी भागातली ऑनलाइन खरेदी. सहा वर्षं चालू आहे. (हसू नका.)

पुस्तकी उत्तर असं: फ्रेड डेव्हिसने १९८९ मध्ये मांडलं, की माणूस नवं तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टींवर. ते उपयोगी वाटलं पाहिजे आणि वापरायला सोपं वाटलं पाहिजे. त्याचा विषय ऑफिसातले संगणक होता. पुढे लोकांनी हेच ऑनलाइन खरेदीला लावलं आणि त्यात विश्वास, जोखीम, आजूबाजूच्यांचा प्रभाव असे रकाने वाढवत नेले.

आता खरं सांगतो. मी वाड्या-वस्त्यांवर प्रश्नावली घेऊन फिरलो, "पूर्णपणे सहमत" ते "पूर्णपणे असहमत" अशी पाच खान्यांची. एका काकूंनी सगळीकडे सहमत. मी म्हटलं, काकू, "मला ऑनलाइन खरेदीत धोका वाटतो" याला पण सहमत आणि "धोका वाटत नाही" यालाही सहमत? म्हणाल्या, "तू एवढा उन्हातान्हाचा आलास, असहमत कशी होऊ?"

तो कागद मी आकडेमोडीतून काढून टाकला. पण अजून जपून ठेवलाय.

---

मीनल७८

@कधीतरी_पीएचडी, तो कागद काढून कशाला टाकलात, सगळं उत्तर तिथेच तर आहे. भीड. समोर माणूस आला की आपल्याला नाही म्हणता येत नाही.

बारा साड्या उलगडल्या की तेरावी घ्यावीच लागते. मधेच कोक येतं. कोक प्यायल्यावर तर संपलंच. माझ्या कपाटात निदान चार साड्या अशा आहेत ज्या मी त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून घेतल्या.

आणि अंतर्वस्त्रं? आमच्या सासरच्या गावी त्या काउंटरवर नवऱ्याचा वर्गमित्र बसतो. साइज मोठ्याने वर माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगतो. मी लग्नानंतर दहा वर्षं माहेरून आणायचे, आता मोबाईलवर. सॅनिटरी पॅडचं तेच, कागदात गुंडाळून, त्यावर काळी पिशवी, जशी काही बंदूक नेतोय. खाकी खोक्यात काय आहे ते शेजारणीलाही कळत नाही. स्वस्ताई नंतर.

---

टोमणेबाज

चला, बाजारपेठेचं शास्त्र पूर्ण झालं. मागणी, पुरवठा आणि कोक.

---

चौकातला

मी तोच, साड्या उलगडणारा. औशाकडे कापडाचं दुकान आहे, वडिलांपासून. मीनलताई, बारा साड्या उलगडल्यावर बाराच्या बारा घड्या कोण घालतं, ते लिहायचं राहिलं.

रागावलो नाही. पण आमचीही बाजू ऐका. सकाळी अजून भवानी व्हायची असते. दोघीजणी येतात, कापड चोळून बघतात, पदर उन्हात नेऊन बघतात, फोटो काढतात आणि तिथेच माझ्या पंख्याखाली बसून मोबाईलवर तसलंच शोधतात. म्हणजे हात लावायला मी आणि पैसे द्यायला दुसरा. गाळ्याचं भाडं, लाइटबिल, दोन पोरांचे पगार माझ्या माथी.

शिवाय उधारी. दिवाळीचं कापड, पैसे पाडव्याला. दिवाळीचा पाडवा नव्हे, गुढीपाडवा. माझ्याकडे नाव मांडणारं गिऱ्हाईक मोबाईलवर मात्र त्याच क्षणी पैसे भरतं. हे का, ते पीएचडीवाल्यांनी सांगावं.

बाकी चूक आमचीही आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वडिलांनी लावलेली, तिला रोज उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी होती. लॉकडाऊननंतर मी ती उतरवली. सात दिवसांत, घडी मोडलेली चालेल, धुतलेली नको. भीती होती की दुकानच परत येईल. आलं किती? महिन्याला चार-पाच नग. आणि विक्री वाढली, कारण आता नवऱ्याला न आणता बायका एकट्या येऊन घेऊन जातात. घरी दाखवते, नाही आवडली तर आणून देते, असं म्हणून.

आता संध्याकाळी सातला नवा माल व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकतो. कोणाला आवडली की व्हिडिओ कॉलवर पदर दाखवायचा, पोरगा घरी नेऊन देतो, पैसे फोनवर. मग मी ऑनलाइन की ऑफलाइन?

---

मीनल७८

@चौकातला, तुमच्या घड्यांबद्दल मनापासून सॉरी. स्टेटसवाली कल्पना झकास. पण मला सांगा, तुमच्या स्टेटसवरची साडी "नको" म्हणताना भीड पडते की नाही गिऱ्हाइकाला?

---

चौकातला

नाही पडत. नुसतं बघून सोडून देतात. आम्हाला खाली दिसतं कोणी कोणी बघितलं ते.

---

सावंतीण

तुम्ही भीड, कोक वगैरे चर्चा करताय, आमच्याकडे मुळात वस्तू पोचणं हाच विषय होता. सावंतवाडीच्या पुढे आत आमचं गाव. पिनकोड टाकला की लाल अक्षरांत, इथे डिलिव्हरी उपलब्ध नाही. वर्षानुवर्षं. मग भाऊ सावंतवाडीतल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याचा पत्ता टाकायचा आणि एसटीच्या ड्रायव्हरकडून पार्सल यायचं. नेटवर्कसाठी काजूच्या बागेतल्या एका ठरावीक दगडावर उभं राहायचं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा फुकटासारखा झाला, तरी आमच्याकडे टॉवर यायला आणखी वेळ गेला.

आता गाडी येते. पत्त्याची मात्र मजाच. घर नंबर, रस्ता असे रकाने असतात. आमच्या घराला नंबर आहे, तो फक्त ग्रामपंचायतीला माहीत. वहिनी लिहिते, "रवळनाथाच्या देवळाकडून खाली, फणसाकडे उजवीकडे, कुत्रा बांधलेला असतो."

आणि का मागवतो? कारण गावात पर्याय एकच असतो. मुलाला बुद्धिबळाचं घड्याळ हवं होतं. सावंतवाडीत विचारलं तर भिंतीवरचं दाखवलं.

---

नाना_कर्वेनगर

@सावंतीण, पिनकोडला नावं ठेवू नका, तो तुमच्या कोकणातल्याच माणसाने दिलाय! श्रीराम भिकाजी वेलणकर. वेळणेश्वरचे, संस्कृतचे कवी आणि केंद्रात दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तेव्हा अडचण अशी, की एकाच नावाची गावं ढिगाने, त्यात नाना भाषांमधले पत्ते. सहा आकड्यांनी ते सुटलं. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड.

आज सगळ्या ऑनलाइन कंपन्या एका संस्कृत कवीच्या आकड्यांवर माल पोचवतायत.

---

टोमणेबाज

धागा व्हीपीपीवरून पिनकोडवर आलाय. मनीऑर्डरवर कधी जाणार?

---

हातमाग

सोलापूरहून. मी विकणाऱ्याच्या बाजूचा. टॉवेल, नॅपकिन, चादरी. थोडं लांब लिहितो.

गिऱ्हाइकाला वाटतं ती साइट विकते. परदेशी भांडवल असलेल्या साइटला स्वतःचा माल ठेवून विकायला आपल्याकडे मनाई आहे. ती मांडव घालणार, दुकानं आमची. कमिशन कापणार, वाहतूक कापणार, वर जीएसटीचा टीसीएस, म्हणजे साइट आमच्या पैशांतून आधीच कापून घेते तो कर, तो आधी १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का.

आता गिऱ्हाइकाला जी गोष्ट खेचते तीच आम्हाला मारते: दारात पैसे. दारात नाकारलेला माल परत येतो, त्याला आमच्या भाषेत आरटीओ म्हणतात. परिवहनचं नव्हे, माल मूळ जागी परत. माणूस रात्री अकराला गादीवर पडून तीन चादरी मागवतो, चार दिवसांनी दारात पोरगा उभा राहिला की "आम्ही नाही मागवली." फुकटात मागवलं, फुकटात नाकारलं. चादर बिहारपर्यंत जाऊन सोलापूरला परत. जाण्यायेण्याचा खर्च गेला, वर पॅकिंग फाटलं.

मी एकदा ठरवलं, दारात पैसे बंद, आधी भरा. विक्री पार बसली. आठ दिवसांत परत चालू केलं. लोकांना पैसे दारात द्यायचेच असतात असं नाही, आजकाल तर पोराकडचा क्यूआर स्कॅन करून देतात. पण "आधी माझ्या हातात वस्तू" हा हक्क सोडायला कोणी तयार नाही. आणि गंमत बघा, दोन-तीनदा माल नीट पोचला की तोच माणूस चौथ्यांदा आधी पैसे भरतो. म्हणजे दारात पैसे ही विश्वासाची शिकवणी आहे, तिची फी मी भरतो.

एक चांगलं झालं. आमच्या सौ.च्या बचतगटातल्या बायका शेंगाचटणी करतात. आधी साइटवर विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ती अट काढली. त्यांचं पहिलं पार्सल नाशिकला गेलं तेव्हा पेढे वाटले होते.

---

सुपारीफोड

शेंगाचटणीची लिंक द्या, बाकी चर्चा नंतर.

---

नैरोबीकर

मी काही वर्षं नैरोबीत होतो. तिकडे एम-पेसा २००७ पासून, म्हणजे स्मार्टफोनच्याही आधी साध्या फोनवरून पैसे फिरतात. मला वाटायचं, पैशाचा प्रश्न सुटलाय, तर लोक बिनधास्त आधी भरून मागवत असतील. तसं नव्हतं. माझ्या ऑफिसातली मंडळी पार्सल हातात आल्यावरच फोनवरून पैसे टाकायची. पोरगा गेटवर उभा, हे खोकं उघडून बघतायत, मग पैसे.

म्हणजे @हातमाग म्हणतात ते बरोबर. पैसे देण्याची सोय आणि पैसे देण्याची तयारी या वेगळ्या गोष्टी. चीनमध्ये अलीपे सुरू झालं तेच या गाठीतून: पैसे मध्यस्थाकडे, माल मिळाला असं गिऱ्हाइकाने कळवलं की मगच विकणाऱ्याला.

---

बार्शीचा_बाळ्या

मी वाचत असतो फक्त, पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी डिलिव्हरीचं काम करतो. बार्शी आणि आजूबाजूची गावं.

कोण मागवतं ते आम्हाला खोक्यावरून कळतं. पोरं बूट आणि फोनची कव्हरं. म्हातारी माणसं पट्टे, तेलं, शेकायची पिशवी. शेतकरी हल्ली बॅटरीचा फवारणी पंप, ताडपत्री, टॉर्च. बायका कपडे आणि किचनचं, आणि बायकांच्या पार्सलला निम्म्या वेळा फोन येतो, "दादा, अकरानंतर या." अकराला सासरे रानात जातात. एक मावशी पार्सल शेजारच्या पिठाच्या गिरणीत ठेवायला सांगतात. तिथून दळणाच्या डब्यात घालून घरी नेतात. काय असतं त्यात? एकदा फाटलं होतं म्हणून दिसलं: केसांना लावायचा कलर.

दारात पैसे घेताना लोक अजून नोटा तयार ठेवतात. देव्हाऱ्यात, टीव्हीखाली. एका आजीने गोधडीच्या घडीत ठेवलेले, मग कुठल्या घडीत ते आठवेना. मी पंधरा मिनिटं उभा. पाणी दिलं, गूळ दिला.

उघडून दाखव म्हणतात. काही पार्सलला परवानगी असते, काहींना नसते. नसली की वाद. ते आमच्याशी भांडतात, कारण कंपनी त्यांना दिसत नाही, मी दिसतो. आणि विश्वास पण तसाच आहे. साइटवर नाही. "बाळ्या आणतो ना, मग काही नाही." मी आठ दिवस आजारी होतो तर दोघांनी ऑर्डर मागे घेतली.

---

कधीतरी_पीएचडी

@बार्शीचा_बाळ्या, तुमच्या या एका प्रतिसादावर माझं अर्धं प्रकरण होईल. परवानगी असेल तर बोलूया का? आणि माझ्या प्रश्नावलीत "डिलिव्हरी करणाऱ्या माणसाची ओळख" हा प्रश्नच नाहीये. सहा वर्षं...

---

बार्शीचा_बाळ्या

बोलू की सर. रविवारी पण ड्युटी असते, रात्री नऊनंतर.

---

ठेचलेली

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून माझाही लिहिते. मिक्सर मागवला, भांड्याला तडा. परत करायचा होता. ॲपमध्ये शोधायचा कंटाळा म्हणून इंटरनेटवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला, पहिला सापडला तो लावला. माणूस इतका अदबीने बोलत होता! म्हणाला रिफंड टाकतो, फोनवर रिक्वेस्ट आली की पिन टाका. मी टाकला. ९,४०० गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे मी वीस जणांना सांगितलं होतं. स्वतःच्या वेळी डोकं चाललं नाही, कारण मिक्सरच्या तड्यावर लक्ष होतं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला, तक्रार झाली, त्यातले थोडे अडकवून परत मिळाले. वर्षभर ऑनलाइन काही घेतलं नाही. मग परत सुरू.

फसवणूक नसेल, नुसती साइट ऐकत नसेल तर १९१५, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण. मी तो नियम क्रमांकासकट लिहिला तेव्हा मिक्सरचे पैसे सहा दिवसांत आले.

---

टोमणेबाज

म्हणजे मिक्सरचे आले आणि मिक्सरपायीचे गेले.

---

अक्षरवेडा

माझं कारण सरळ: पुस्तकं. गडहिंग्लजला राहतो. पाठ्यपुस्तकं आणि गाइडं मिळतात, कवितेचं पुस्तक मागितलं तर दुकानदार आधी वरपासून खालपर्यंत बघतो. पूर्वी कोल्हापूरला खेप, नाहीतर पुण्याच्या भावाला यादी. बुकगंगासारखी सोय झाली तेव्हापासून भावाशी बोलणं कमी झालं एवढाच तोटा.

भाषेचाही मुद्दा आहे. मोठ्या साइट्सनी मराठी आणली २०२१ मध्ये, तीही मागणी, आंदोलनं झाल्यावर. भाषांतर वाचून कधीकधी हसू येतं, पण माझे वडील आता स्वतः मागवतात. त्याआधी प्रत्येक वेळी मला हाक. आणि हाक मारायची म्हणजे काय मागवतोय ते सांगणं आलं.

ग्राहकांची मतं मात्र ते वाचतात ती फक्त एक तारा दिलेली. म्हणतात, "चांगलं लिहिणारा त्याचा मेव्हणा असू शकतो. शिव्या देणारा खराच."

---

मीनल७८

@अक्षरवेडा, वडील हुशार! मी फोटो टाकलेली मतं बघते, त्यातला पलंगपोस खरा वाटला तर रंगही खरा मानायचा. 😄

आणि ते "फक्त २ शिल्लक", "१४ जण आत्ता बघतायत"? खोटी घाई दाखवणं, न विचारता पिशवीत वस्तू सरकवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणं हे सगळं केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून गैर ठरवलंय, असे तेरा प्रकार आहेत. तरी मी परवा "फक्त २ शिल्लक" बघून किसणी घेतली. आठवडा झाला, अजून दोनच शिल्लक आहेत.

---

चौकातला

आम्ही "शेवटचा पीस आहे ताई" म्हटलं तर खोटारडे, साइट म्हणाली तर लगेच बटण दाबलं. असो.

---

सुपारीफोड

आमच्या सोसायटीत एकाने होळीला गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या. खोक्यात, बबलरॅपमध्ये. गावाकडच्या आजीला फोटो पाठवला. ती अजून फोन उचलत नाहीये.

---

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. बाळ्या, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला.

कोणाला? तर आईला. या शनिवारी परत गेले होते. धागा उघडून तिच्या हातात दिला. चष्मा लावून पहिल्यापासून वाचला, मधे मधे शुद्धलेखनावर शेरे. नानांच्या विटेला खूप हसली. मग म्हणाली, "मला विचारायचं सोडून तू गावाला विचारत बसलीस होय?" मी म्हटलं, विचारलं होतं, तू "असंच" म्हणालीस.

थोडा वेळ गेला. मग जे म्हणाली ते जमेल तसं लिहिते.

"दुकानात गेलं की तो मला बघून आतूनच गठ्ठा काढून ठेवतो. राखाडी, बदामी, फिकट निळा. मी म्हटलं तो पोपटी दाखव, तर म्हणाला, बाई, तो लेकीसाठी का? वाईट नाही तो, माझ्याच वर्गात होता. पण दुकानात आणखी चार बायका बसलेल्या. मी म्हटलं हो, लेकीसाठीच. आणि घेतली. ती तुला दिलेली पोपटी साडी, ती माझी होती."

ती साडी माझ्याकडे आहे. एकदाही नेसलेली नाही. मला वाटलं होतं, आईची आवड बिघडली.

मागवलेल्या दोन साड्या तिने मग काढून दाखवल्या. एक डाळिंबी, एक मोरपंखी. मोरपंखी फोटोपेक्षा गडद निघाली, परत करायचं ठरलं होतं, पण "तो पोरगा दुपारी उन्हात न्यायला येणार, राहू दे म्हटलं." तेव्हा मीनल, भीड मोबाईलवरही सुटत नाही.

आणि दोरी? तिकडचा वजनकाटा तिला पटत नाही. एवढंच. बाबा होते तेव्हा ते भांडायचे, आता कोण भांडणार.

ज्वारी मात्र मोबाईलवर नाहीच. मालदांडी कोणी डोळे झाकून घेतं का, म्हणाली. मूठभर तळहातावर घेऊन, फुंकर मारून, दोन दाणे दाताखाली धरून बघायचे.

---

मीनल७८

मोरपंखी नेसून कधी जाणार आहेत त्या त्याच दुकानात?

---

खिडकीपाशी

विचारलं. "माझे पाय दुखतात, तिथवर कोण जातंय," म्हणाली. पन्नास पावलं.

---

चौकातला

वाचलं. दुपारपासून डोक्यात आहे. आमच्याकडेही बाई एकटी आली की हात आपोआप त्याच फळीकडे जातो. वडिलांनी शिकवलेलं, गिऱ्हाइकाला अवघडायला नको म्हणून. उद्यापासून पोरांना सांगतो, आधी विचारा कुठला रंग.

---

कधीतरी_पीएचडी

याच्यासाठी माझ्याकडे खाना नाही.

---

सुपारीफोड

पुरणयंत्र कसं निघालं ते कोणी विचारलंच नाही. होळी तोंडावर आहे, बायको रोज विचारते. जाळी किती बारीक? हाताचं की मिक्सरला लावायचं?

---

खिडकीपाशी

हाताचं, स्टीलचं, दोन जाळ्या. आई म्हणते पुरण गरम असतानाच घाला, गार झालं की दांडा फिरत नाही. बाजारात तीस रुपयांनी स्वस्त आहे.